जगाची शांति आणि गांवची वेस

जगांत शांति नांदावी म्हणून आपल्या मंडळ्यांतून दर रविवारीं प्रार्थना होते. दूरदूरच्या युद्धांच्या वार्ता कानीं येतात. राष्ट्रांचे पुढारी परिषदा भरवितात, करार करितात आणि मोडतात. आणि आपण आपल्या लहानशा मंदिरांत मस्तक लववून जगासाठीं शांति मागतों. परंतु उपासना आटोपून घरीं जातांना एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या मनांत प्रश्न येतो कीं, माझ्या हातीं ना राज्य, ना सैन्य, ना द्रव्य. मग जगाच्या शांतीशीं माझा संबंध तो काय? प्रार्थना केली, माझें काम झालें. पुढचें मोठ्यांनीं पाहावें. हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. सामान्य मनुष्य जगाच्या शांतीसाठीं खरोखर कांहीं करूं शकतो, कीं तसें म्हणणें ही केवळ मनाची समजूत आहे, याचा विचार आज करूं.

या विचारासाठीं फार दूर जावयास नको. आपल्या श्रीवर्धन तालुक्यांतील शेखाडी हें गांव घ्या. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्यें काठाकाठानें जाणारी वाट, असें तें रम्य ठिकाण आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईंत जे दंगे झाले, त्यांत सुमारें ९०० माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर फेब्रुवारी १९९३ मध्यें या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटक द्रव्यें उतरविण्यांत आलीं, आणि ता. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत ठिकठिकाणीं स्फोट होऊन २५७ माणसें मेलीं. कट रचणारे दूर देशीं बसले होते. परंतु नुसतें दूर देशीं बसून कट सिद्धीस जात नाहीं. त्याला होडी चालविणारा लागतो, पेट्या उतरविणारा लागतो, गाडी हांकणारा लागतो. आणि सर्वांहून अधिक गरज लागते ती, पाहूनही न पाहिल्यासारखें करणाऱ्याची. पुढें न्यायालयानें ज्यांना दोषी ठरविलें त्यांत जकातखात्याचे अधिकारी होते आणि पोलीसही होते. चोरट्या मालाकडे काणाडोळा करण्याची संवय एकदां जडली म्हणजे पेटींत चांदी आहे कीं मृत्यु आहे हें विचारण्याची संवय उरत नाहीं.

हें मी त्या गांवास बोल लावण्यासाठीं लिहीत नाहीं. तेथील लोक तुमच्याआमच्यासारखेच कष्ट करून पोट भरणारे आहेत, आणि थोड्यांच्या कृत्यामुळें साऱ्या गांवाचें नांव वर्तमानपत्रांत गेलें. मला दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, जगांतलें मोठ्यांतलें मोठें पाप लहान हातांवांचून घडत नाहीं. मग याची दुसरी बाजूही खरी असली पाहिजे. वैराला जर गांवचे हात लागतात, तर ते हात देण्याचें गांवाला नाकारतांही येईल. “मी लहान, माझ्यानें काय होणार?” असें म्हणणारा मनुष्य नम्र दिसतो खरा, परंतु अंधारांत पेट्या उतरविणाराही आपल्या मनाला हेंच सांगत असेल.

आतां असा नकार द्यावयास मनुष्य शिकतो कोठें, आणि केव्हां? ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. तेथें १९७० सालीं आणि पुन्हां १९८४ सालीं हिंदु-मुसलमानांचे भयंकर दंगे झाले. १९८८ सालीं तेथें सुरेश खोपडे हे पोलीस-अधिकारी आले. दंगा झाल्यावर काय करावें यापेक्षां तो होण्यापूर्वीं काय करावें याचा त्यांनीं विचार केला, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापिल्या. त्यांत दोन्ही समाजांचीं माणसें सारख्या संख्येनें घेतलीं. आणि तीं पुढारी म्हणविणारीं नव्हतीं, त्याच गल्लींत राहणारीं साधीं माणसें होतीं. त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस बसे. बैठकींत शांतीवर व्याख्यानें होत नसत. शेजाऱ्याशेजाऱ्यांतले तंटे, घरगुती भांडणें, सणांच्या वेळच्या अडचणी, असले रोजचे विषय निघत आणि तेथल्या तेथें मिटत. त्यांतून एकमेकांचीं नांवें कळलीं, घरें कळलीं, स्वभाव कळले. पुढें डिसेंबर १९९२ मध्यें मुंबई जळत असतां थोड्याच कोसांवरची ही भिवंडी, जी पूर्वीं दोनदां जळली होती, ती शांत राहिली. १९९४ पासून मुंबईंतही जुलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे इत्यादिकांनीं मोहल्ला समित्यांचें काम उभें केलें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. शांति ही भांडणाच्या दिवशीं करावयाची वस्तु नव्हे. ती भांडण नसतांना करून ठेवावयाची असते. ता. १ जुलै १९४६ रोजीं अहमदाबादेंत दंगा पेटला असतां तो शमविण्यासाठीं वसंतराव हेगिष्टे व रजबअली लाखाणी हे दोघे मित्र धांवले. एक मराठी घराण्यांतला हिंदु, दुसरा मुसलमान. जमावानें दोघांसही ठार मारिलें. त्यांच्या त्यागापुढें आपण आदरानें नमावें. परंतु त्या दोघांच्या पाठीशीं गल्लीगल्लींत अगोदर ओळखी करून ठेवणारीं दोनशें माणसें असतीं, तर कदाचित् त्यांना प्राण द्यावे लागले नसते. ऐन वेळीं प्राण देणारे वीर विरळा. आधीं ओळख करून ठेवणें मात्र कोणासही साधण्यासारखें आहे.

येथें एक शंका काढणें अवश्य आहे, आणि ती आपल्या वस्तीच्या लोकांना इतरांहून अधिक ठाऊक आहे. गांवांत भांडण नाहीं, म्हणजे शांति आहे काय? आपल्या आजोबापणजोबांना ज्या काळीं पाणवठ्यावर पाऊल ठेवूं देत नसत, त्या काळींही गांव शांत आहे असेंच गांवचे मोठे लोक म्हणत असत. ती शांति नव्हती. ती दाबून धरलेली जीभ होती. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या आपल्या रायगड जिल्ह्यांतील महाड येथें, नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला असतांही, अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेथें पाणी भरतां येत नव्हतें. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लोकांसह त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला. त्यांची संख्या थोडी नव्हती, आणि रक्तही तापलें होतें. तरी आंबेडकरांनीं त्यांना आवरून धरिलें. मार खाणाऱ्यांपैकीं कित्येकांना मुसलमानांच्या घरांतून आसरा मिळाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत पुन्हां परिषद भरवावयाची होती आणि जागा मिळेना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. शेवटीं १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्या लोकांच्या बाजूनें निकाल दिला. तळ्यावर जाणाऱ्यांनीं गांवची शांति बिघडविली, असें म्हणणारे तेव्हां होतेच. परंतु खरी शांति करणारे तेच होते, आणि आसरा देणारे त्यांचे सोबती होते. म्हणून अन्याय झांकून ठेवणें यास आपण शांति म्हणूं नये. डोंगरावरील प्रवचनांत ज्यांना धन्य म्हटलें आहे ते शांति भोगणारे नव्हेत, ती करणारे आहेत. आणि करणें म्हटलें कीं श्रम आले.

गांव आणि जग यांची सांगड कशी घालावी, याचा विचार याच जिल्ह्यांत जन्मलेल्या एका पुरुषानें केला होता. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९५७ सालीं त्यांनीं शांतिसेनेची कल्पना पुढें मांडिली. दर पांच हजार लोकांमागें एक शांतिसैनिक असावा, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येस सुमारें ७०,००० सैनिक पुरतील, असा त्यांचा हिशेब होता. एरवीं या सैनिकानें लोकांची सेवा करावी, म्हणजे दंग्याच्या वेळीं लोक त्याचें ऐकतील. आणि या सेनेचें पोषण कसें व्हावें? तर घरोघर एक भांडें ठेवावें, आणि घरांतल्या लहान मुलानें रोज त्यांत मूठभर धान्य टाकावें. त्या भांड्याला त्यांनीं सर्वोदय-पात्र असें नांव दिलें. आपल्या मंडळ्यांतील ज्या बायका चुलीवर भात चढविण्यापूर्वीं देवासाठीं मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवतात, त्यांना ही रीति परकी वाटणार नाहीं. सत्तर हजारांची संख्या कधीं पुरी झाली नाहीं. तथापि “जय जगत्” हा विनोबांचा घोष आणि ती मुलाची मूठ यांचा मेळ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मुखांत सारें जग, आणि हातांत मूठभर धान्य! मुखांत जग आणि हातांत कांहींच नाहीं, अशी आपल्या प्रार्थनेची स्थिति होऊं नये.

कोणी म्हणेल, “हें सर्व गांवापुरतें ठीक आहे, पण यानें राष्ट्रांचीं युद्धें थांबतात काय?” थांबत नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. शांतिसेनेची कल्पना निघाल्यावरही १९६२, १९६५ आणि १९७१ सालीं आपल्या देशास युद्धें पाहावीं लागलीं. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली, ती कोणत्याही गांवाच्या समितीला अडवितां आली नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतलें सूर्यफुलाचें तेल मात्र महागलें. परंतु प्रत्येक युद्धापूर्वीं एक काम करावें लागतें. ज्यांना आपण कधीं पाहिलें नाहीं अशा लाखों माणसांचा एकच चेहरा करून, तो लोकांना शत्रूचा म्हणून दाखवावा लागतो. दंग्यापूर्वींही नेमकें हेंच करितात. ज्यानें आपल्या शेजाऱ्याविषयींची कंडी “थांब, मी त्याला ओळखतों, आधीं विचारून येतों” असें म्हणून परत लावली आहे, त्याला दूरच्या लोकांविषयींची कंडीही ओळखतां येते. असे लोक थोडे असतील, तर युद्ध पेटविणें सोपें जाईल. पुष्कळ असतील, तर तितकें सोपें जाणार नाहीं. याहून मोठें वचन मी देत नाहीं; पण याहून लहानही देत नाहीं.

तर मग आपण काय करावें? पहिलें हें कीं, ऐकलेली गोष्ट तशीच पुढें धाडूं नये. आतां मोबाईलवर एका बोटानें अफवा गांवोगांव जाते. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले अशा अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें मारून टाकिलें. अफवा खोटी ठरली. मेलेले पांच मात्र परत आले नाहींत. दुसरें, सण येण्यापूर्वीं गांवांतील प्रत्येक समाजाच्या चार-चार माणसांनीं एकत्र बसावें. बायकांना त्यांत अवश्य घ्यावें, कारण पाण्यावरचीं भांडणें आधीं त्यांनाच कळतात. सुवार्तिक बंधूंनीं यांत पुढाकार घ्यावा. परंतु अशा बैठकीस उपदेशाची जागा करूं नये, नाहीं तर तिच्यावरचा लोकांचा विश्वास उडेल. तिसरें, कोणास पाणी, वाट किंवा मजुरी नाकारली जात असेल, तर तें हात न उचलतां पण स्पष्ट शब्दांनीं बोलून दाखवावें. चौथें, संकटांत कोणाची जात पाहूं नये. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. वाडी हिंदूची कीं मुसलमानाची हें वाऱ्यानें पाहिलें नाहीं. नवी पोफळ लावली तर सुपारी धरावयास पांच-सात वर्षें लागतात. मोडणें तासांचें, आणि उभारणें वर्षांचें. शांतीचेंही तसेंच आहे. म्हणूनच तिचें रोप उद्यांवर टाकून चालत नाहीं.

वाचकहो, येत्या रविवारीं जगाच्या शांतीसाठीं पुन्हां प्रार्थना होईल. तोंपर्यंत कांहीं दिवस आपल्या हातीं आहेत. आपल्या गांवांत असें एक तरी घर असेल, ज्याचा उंबरा आपण कधीं ओलांडला नाहीं. तें दुसऱ्या धर्माच्या मनुष्याचें असेल, दुसऱ्या जातीच्या मनुष्याचें असेल, किंवा आपल्याच मंडळींतल्या रुसून बसलेल्या भावाचें असेल. त्या घरीं जावें, घटकाभर बसावें, आणि पाणी मागून प्यावें. एवढें करावें, आणि मग मंदिरांत येऊन जगासाठीं मागावें.