दुकानदाराचा धर्म आणि आमदाराचा धर्म

मलकापूर हें शाहूवाडी तालुक्यांतील बाजाराचें गांव. गेल्या पावसाळ्यांत तेथील एका किराणा दुकानाच्या आडोशाला सर ओसरण्याची वाट पाहत आम्ही उभे असतां एक वाद आमच्या कानीं पडला. एका गृहस्थांचें म्हणणें असें कीं, दुकानदाराला आमदार करूं नये. तो विधानसभेंतहि दुकानच मांडील. दुकानाच्या मालकांनीं तराजूवरची नजर न काढतां विचारलें, "मग वकिलाला करावं काय?" हशा झाला आणि वाद मिटला, आमच्या मनांतून मात्र तो गेला नाहीं.

दुकानाविषयींचा तिरस्कार हा आपल्याकडील सुशिक्षितांचा जुना रोग आहे, आणि ठरल्या तारखेस ठरलेलें वेतन घेणार्‍या आम्हां प्राध्यापकांना तो अधिकच जडलेला असतो. वस्तुतः सभागृहांत दुर्मिळ असलेले कांहीं गुण छोट्या दुकानदारापाशीं असतात. त्याची चूक त्याच्याच गल्ल्यांतून भरून निघते. त्याचीं वजनेंमापें सरकार ठराविक मुदतीनें तपासतें. भायखळ्याच्या बाजारांत भाजीचा धंदा केलेले छगन भुजबळ 1985 सालीं मुंबईचे महापौर झाले, त्याच वर्षीं माझगांवहून विधानसभेंत गेले आणि 1999 सालीं उपमुख्यमंत्री झाले. या चढणींत बाजारांतल्या शिक्षणाचा वाटा नव्हता असें कोण म्हणेल? पुढें 2016 सालीं त्यांना अटक झाली, 2018 सालीं जामीन मिळाला, व 2021 सालीं महाराष्ट्र सदन प्रकरणांत विशेष न्यायालयानें त्यांना आरोपमुक्त केलें. अटकेच्या वेळीं 'भाजीवाल्याचें असेंच व्हायचें' म्हणणारे सद्‌गृहस्थ आम्हांस भेटले होते. आरोपमुक्तीच्या दिवशीं ते गप्प होते. आरोपांचा निवाडा न्यायालयानें करावा. पण धंद्यावरून माणसाचा निकाल लावणें हा जुन्या जातिभेदाचाच नवा अवतार होय.

आमच्या मतें खरी अडचण लोभाची नाहीं, उपकाराची आहे. दुकानदार नेहमींच्या गिर्‍हाइकाला उधार देतो, मापावर मूठभर अधिक घालतो. माल त्याचा, म्हणून तो त्याचा मोठेपणा. तोच मनुष्य आमदार झाला कीं, त्याच सवयीनें रस्ता, समाजमंदिर, पाण्याची टांकी देऊं लागतो. आमदारांचा स्थानिक विकास निधि 2022 सालीं वर्षाला 5 कोटि रुपयांवर नेण्यांत आला. त्यांतील एक पैहि आमदाराच्या गल्ल्यांतली नव्हे. तरी फलकावर नांव त्याचें आणि कृतज्ञता आमची! जी वाडी मत देत नाहीं ती मग दुसर्‍या दुकानाचें गिर्‍हाईक ठरते. याच शाहूवाडींत 2014 सालीं सत्यजित पाटील सरूडकर यांनीं विनय कोरे यांचा पराभव केला तो चारशेंहूनहि कमी मतांनीं. 2019 सालीं कोरे परत आले. अशा मतदारसंघांत आपलें कोण व परकें कोण हें कोणत्या वहींत पाहावें?

कायद्यानें डोळे अगदींच मिटलेले नाहींत. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें 9-अ कलम सरकारशीं मालपुरवठ्याचा चालू करार असणार्‍यास अपात्र ठरवितें. करार भावाच्या नांवें असला तर तें कलम मुकें आहे. दहावें कलम सरकारचें निदान 25 टक्के भांडवल असलेल्या कंपनीच्या व्यवस्थापकाला मज्जाव करतें; सहकारी संस्था मात्र त्यांतून वगळली आहे. शासकीय वसतिगृहाला धान्य पुरविण्याचा करार करणारा किराणा दुकानदार बाहेर, आणि सरकारी भांडवलाच्या सहकारी संस्थेचा व्यवस्थापक आंत! साखर, दूध आणि राजकारण जेथें एकाच छपराखालीं नांदतें, त्या आमच्या जिल्ह्यांत ही सवलत लहान नव्हे.

पाऊस ओसरल्यावर आम्हीं त्या मालकांना विचारलें, "तुम्ही कधीं उभे राहाल काय?"

"उभा राहिलो तर गावभरची उधारी बुडंल, सर," ते म्हणाले. "मत मागायला गेलेल्यानं पैसे कुठल्या तोंडानं मागायचे?" आणि ते पुढच्या गिर्‍हाइकाची साखर तोलूं लागले.