लोकसमुदायांतून एकीकडे
(मार्क ७:३१-३७)

दकापलीस प्रांतांत लोकांनीं एका बहिऱ्या व तोतऱ्या मनुष्याला प्रभूकडे आणिलें आणि त्याजवर हात ठेवावा अशी विनंती केली. प्रभूनें प्रथम त्यास समुदायांतून एकीकडे नेलें. मग बोटांनीं व स्पर्शानें, त्याला कळेल अशा रीतीनें, त्यास धीर दिला. प्रिय बंधुभगिनींनो, या शास्त्रभागावर आम्हीं अनेक वेळां उपदेश केला, परंतु एका मुलाविषयीं तो साफ विसरलों.

तो मुलगा सात वर्षांचा. कोणाच्या नजरेस नजर देत नसे, एकच शब्द पुनःपुन्हां बोले, आणि झांजा व पेटी सुरू झाली कीं कान झांकून किंचाळे. आम्हीं पांचसहा जणांनीं त्यास मध्यें धरून मोठ्यानें प्रार्थना केली. तो थरथर कांपूं लागला. आम्हांस वाटलें, अशुद्ध आत्मा निघत आहे! तेव्हांपासून त्याची आई उपासनेस आली नाहीं, आणि मुलगा रात्र रात्र जागतो असें कानीं आलें.

या अवस्थेस स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अमेरिकेंत अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें कित्येक वर्षें आईच्या मायेंत उणें आहे असा दोष दिला जाई. तो खोटा ठरला. ही भूतबाधा नव्हे, आईबापांच्या पापाचें फळहि नव्हे (योहान ९:१-३ पाहावें). मेंदूची घडणच मुळापासून निराळी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत हिचें नांव आहे. दाखल्याविषयीं जिल्हा रुग्णालयांत चौकशी करावी.

घडण निराळी असणें हें दुःख नव्हे. दुःख मागाहून येतें, आणि पुष्कळदां तें आपणच देतों. चेष्टा, एकटेपणा, आणि दिवसभर इतरांसारखें असल्याचें सोंग यांनीं अशा मुलांच्या मनांत भय व उदासी घर करितात. तरुण वयांत तर अधिकच. बोलतां न येणारें मूल तें कसें सांगणार? झोप उडते, अन्न टाकतें, आवडता खेळ सोडतें, डोकें भिंतीवर आपटतें. कोणी तरुण मरणाची भाषा बोलला तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. औषध घेणें म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे.

क्याटेकिस्ट बंधूंनीं अशा मुलास दाराजवळ जागा द्यावी, उठून जाऊं व परत येऊं द्यावें, पुढें काय होणार तें आधीं सांगावें. (पेटी थोडी हळू वाजविली तर वादकांनीं रागावूं नये.) नाताळांत वचन म्हणण्यास बळेंच उभें करूं नये. त्याच्या संमतीवांचून हात ठेवूं नये.

आम्हीं त्या आईच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. तिनें अद्याप उत्तर दिलें नाहीं. दाराजवळची चटई मात्र दर रविवारीं अंथरलेली असते.