सांग बघू, मी कोण?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भेटायला गेलं, की आपण नकळत त्याची तोंडी परीक्षा घेतो. ‘ओळखलंस का? सांग बघू, मी कोण?’ समोरचे डोळे गोंधळतात, बोटं पांघरुणाची कड चाचपू लागतात. मावशीच्या उशाशी बसून मीही हेच विचारत असे. ‘अस्तु’ पाहिला आणि तो प्रश्न मला बोचू लागला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे चक्रपाणी शास्त्री झाले आहेत. संस्कृतचे गाढे पंडित, पण अल्झायमरने स्मृती हरपलेली. रस्त्यावरून हत्ती जाताना दिसतो आणि शास्त्री मोटारीतून उतरून लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. लेक इरा त्यांना शोधत वणवण फिरते. ते असतात माहुताच्या बायकोजवळ, चन्नम्माजवळ. तिची भाषा कानडी, पोट हातावरचं. शास्त्री कोण, हे तिला ठाऊकही नाही. ते तिला ‘आई’ म्हणतात आणि वयाने लेकीसारखी असलेली ती त्यांची आई होते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चन्नम्माची माया इरापेक्षा मोठी, असं मला म्हणायचं नाही. एका दिवसाची माया आणि वर्षानुवर्षांची शुश्रूषा एका तराजूत तोलणं अन्यायाचं आहे. पण इराला दोघांच्याही वाटच्या आठवणी एकटीने वाहाव्या लागतात. समोरच्या म्हाताऱ्यात ती पूर्वीचे वडील शोधते आणि रोज नव्याने त्यांना मुकते. चन्नम्माने काहीच गमावलेलं नाही. तिला दिसतो तो आत्ताचा, दमलेला, भुकेला माणूस.

या आजारात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, बालपणीच्या बराच काळ तग धरतात. म्हणून म्हातारपणी ओठांवर ‘आई’ येते. त्या हाकेला ओ द्यायला पूर्वओळख लागत नाही. उलट, ती नसली तर ओ देणं सोपं जातं. वयाची, भाषेची, शिक्षणाची अंतरं पार करणाऱ्या मैत्रीचं बळ मला इथे दिसतं. तिथे कुणी कुणाकडे जुना हिशेब मागत नाही.

पुढच्या खेपेला मी मावशीला काही विचारलं नाही. तिच्यापुढे मेथीची जुडी सोडून ठेवली. तिची बोटं आपसूक चालू लागली. पानं एकीकडे, देठ दुसरीकडे. मध्येच तिने मान वर केली.

‘तू कुणाची गं?’

‘तुझीच,’ मी म्हटलं.

तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.