साक्षीदार नसलेले कर्ज

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. चक्रवाढ व्याजाला आमच्याकडे 'मुरक्कब सूद' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हा धडा फळ्यावर मांडत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, सूद तो हराम है ना? फिर हम क्यूं सीखरे?" सगळा वर्ग हसला. मी शिक्षकाचे तयार उत्तर दिले. ज्या विहिरीत पडायचे नाही, तिची खोली ठाऊक असलेली बरी, असे काहीसे. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो माझ्या शौहरांचे नाव घेऊन विचारत होता, "पैसे कधी भरणार?" बोलण्यात अदब नव्हती. स्टाफरूममध्ये चार बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी फोन कानाला लावूनच व्हरांड्यात आले. आपण ज्या विहिरीची खोली मुलांना शिकवतो, तिच्यात आपले घर चौदा महिन्यांपासून पडलेले आहे, हे मला त्या व्हरांड्यात कळले.

आम्ही सोलापूरचे. माझे शौहर एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितात. म्हणजे एक हिशेब शिकवणारी आणि दुसरा हिशेब लिहिणारा. अशा घरात ८४,००० रुपयांचे क्रेडिट कार्डाचे कर्ज साचले आणि ते घरातल्या एकाच माणसाला ठाऊक होते. रात्री त्यांनी बिले दाखवली. त्यांत तीन रकमा मोठ्या होत्या. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात भरलेले २७,०००. नणंदेच्या लग्नात ऐनवेळी दीडशे माणसे वाढली, त्या जेवणाचे ३१,०००. आणि १४,००० चा एक मोबाइल. तो मोबाइल त्यांनी मला ईदला दिला होता. त्याच मोबाइलवर वसुलीचा फोन आला होता. उरलेली रक्कम व्याजाची, दंडाची आणि किरकोळ खर्चाची होती.

या तीन रकमा बिलावर एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत छापलेल्या असतात. बँकेला त्यांत फरक करण्याचे कारण नाही. पण आपल्याला आहे. पहिली होती गरज, दुसरी होती रीत आणि तिसरी होती हौस. मुलीकडच्यांनी बारातीला जेवण घालावे, असा शरीअतचा कोणताही हुकूम नाही. वलीमा सुन्नत आहे आणि तो मुलाकडच्यांनी द्यायचा असतो. हे आपण सगळे जाणतो, जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन केटररला फोन लावतो. मजबुरीत माणसाला सवलत असते, असे उलमा सांगतात. पण दीडशे माणसांची बिर्याणी ही मजबुरी होती का? मी शौहरांना हे विचारले नाही. त्या रात्री तो प्रश्न विचारण्याचा हक्क मला नव्हता. कारण त्या मांडवात पाहुण्यांना आग्रह करकरून वाढणारी मीच होते.

मग मी कागद घेऊन बसले. ८४,००० रुपयांवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज. एका महिन्याचे झाले २,९४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५२९ रुपये. एकूण ३,४६९. आमचे हे दर महिन्याला 'किमान देय रक्कम' भरत होते. ती असते पाच टक्के, म्हणजे ४,२००. त्यातले मुद्दलात जाणार होते फक्त ७३१ रुपये. कार्डावर नवा एक रुपयाही खर्च केला नाही, तरी या चालीने कर्ज निम्मे व्हायलाच साडेसहा वर्षांहून जास्त काळ लागला असता. शिवाय पूर्ण बिल भरले नाही की पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलतही जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. हे सगळे कार्डाच्या कागदावर लिहिलेले असते. माझे शौहर म्हणाले, "किमान भरले की सगळे ठीक आहे, असेच वाटायचे." त्यांनी खोटे सांगितले नाही. 'किमान' हा शब्दच असा आहे की भरणाऱ्याला आपण कर्तव्य केल्यासारखे वाटते.

मोहल्ल्यातल्या अनेक घरांची हीच कहाणी आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांना बँकांचे कर्ज किती कमी मिळते, ते आकड्यांनिशी मांडले होते. स्वस्त कर्जासाठी ज्यांनी बँकेचे उंबरठे झिजवले, त्यांच्यातल्याच पगारदार पोरांना आता हे महाग कर्ज फोन करून घरपोच मिळते. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे ही वेस आता आपली आपणच बांधायची आहे.

मला मात्र व्याजाच्या दरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. चौदा महिने हे कर्ज आमच्या घरात राहिले, आमच्या दस्तरखानावर बसले आणि मला दिसले नाही. हे कसे झाले?

माझे अब्बा कर्ज काढत, तेव्हा सगळ्या गल्लीला कळे. किराणा दुकानदाराची वही असे. त्यात आमचे पान होते. अम्मी मला साखर आणायला पाठवी, तेव्हा दुकानदार माझ्यासमोर ते पान उघडून लिही. मला लाज वाटे. पण त्या लाजेमुळेच महिन्याची उधारी एका मर्यादेबाहेर जात नसे. आणि अब्बा आजारी पडले, तेव्हा त्याच दुकानदाराने तीन महिने ते पान उघडले नाही. "भाभी, पहले भाई को ठीक होने दो," एवढेच तो अम्मीला म्हणाला. मागणाऱ्याला हया होती आणि देणाऱ्याला रहम होती, कारण दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत होता. सावकाराला मी चांगले म्हणत नाही. याच महाराष्ट्रात १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, ते उगाच नव्हे. त्यांतल्या बहुतेकांना आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे, ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते आणि आपण वाचत नाही, एवढाच फरक. पण कार्डाने हया आणि रहम दोन्ही एकाच वेळी काढून घेतल्या. कुणापुढे हात पसरावा लागत नाही, म्हणून लाज नाही. पलीकडे चेहरा नाही, म्हणून मुहलतही नाही.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे? नमाज किंवा रोज्याविषयी ती नाही. सूरह बकरहची २८२ वी आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. कर्ज लहान असो की मोठे, मुदतीसह लिहून ठेवा आणि त्यावर साक्षीदार घ्या, असा तिचा आशय आहे. लहानपणापासून तिची तिलावत केली, पण साक्षीदार कशाला हवेत, हा विचार मी कधी केला नव्हता. वाटायचे, कोर्टकचेरीत पुरावा म्हणून. आता वाटते, साक्षीदार कर्ज घेणाऱ्यासाठीसुद्धा असतो. तो असला की माणूस स्वतःशी खोटे बोलू शकत नाही. आमचे कर्ज बँकेने पैशापैशापर्यंत लिहिले होते. साक्षीदार मात्र एकही नव्हता.

याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. हदीसमध्ये व्याज घेणारा, देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांना गुन्ह्यात सारखेच ठरवले आहे. मग व्याज देणारे माझे शौहर आणि घेणारी बँक सारखेच का? यावर मी बरेच वाचले, एका मौलानांना विचारलेही. पूर्ण बिल मुदतीत भरत असाल तर कार्ड वापरता येईल, असे काही उलमा म्हणतात. सही करतानाच व्याजाची अट मान्य केली जाते, म्हणून ते मुळातच नको, असे इतर म्हणतात. या वादात फैसला देण्याची माझी लायकी नाही. मला इतकेच समजले की, देणाऱ्याला गुन्ह्यातून पूर्ण मोकळे न करण्यात एक सन्मान आहे. तू फक्त बळी नाहीस, तुझ्या हातातही काही होते, असे धर्म त्याला सांगतो. ज्याच्या हातात काही होते, तोच बाहेर पडू शकतो.

आम्ही बाहेर कसे पडलो, ते सांगते. माझ्या मेहरच्या दोन सोन्याच्या बांगड्या होत्या. मेहर ही बायकोची स्वतःची मिळकत, नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही. अम्मीने बजावले, "बेटी, वो तेरा हक है, सोच के दे." मी विचार केला आणि बांगड्या विकल्या. थोडे कमी पडले, ते भिशीचा माझा नंबर आधी घेऊन भरले. ८४,००० एकरकमी भरून कार्ड बंद केले. पण हे पैसे मी शौहरांना बक्षीस दिले नाहीत, कर्ज म्हणून दिले. कर्ज-ए-हसना, बिनव्याजी. आणि मी म्हटले, ते लिहायचे.

ते दुखावले. "मियां-बीवीत कसली लिखापढी?" ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मलाही आपण हलके वागतोय असे वाटत होते. शेवटी त्यांनीच शाळेची वही मागून घेतली आणि आपल्या सुबक अक्षरात रक्कम, मुदत, हप्ता सगळे लिहिले. साक्षीदार म्हणून सासूबाई, दीर आणि माहेरी आलेली नणंद यांना बसवले. जेवणाचे ३१,००० ऐकून नणंद रडू लागली. "भाईजान, मुझे बोले क्यूं नहीं?" सासूबाई गप्प होत्या. मग त्यांनी आपला अंगठा पुढे केला आणि म्हणाल्या, "लगाओ स्याही. घरात मेलेल्या माणसालासुद्धा कर्जाचा हिशेब चुकत नाही, आपण तर जिवंत आहोत."

त्यांना जनाजाची ती हदीस आठवली असावी. एका मय्यतीवर दोन दिनारांचे कर्ज होते, तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी तिची नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले, तेव्हाच पढवली. या घटनेतून आपण फक्त भीती उचलतो. मला त्यात अबू कतादा अधिक दिसतात. जमातीत एक माणूस उभा राहतो आणि म्हणतो, हे माझ्याकडे. कर्ज सर्वांसमोर सांगितले गेले, म्हणून तो उभा राहू शकला. खुद्द पैगंबरांचे चिलखत त्यांच्या वफातच्या वेळी जवाच्या धान्यासाठी एका यहुदी माणसाकडे गहाण होते. म्हणजे कर्ज असणे ही शरमेची बाब नाही. ते लपवणे घातक आहे.

आमचा हप्ता किती ठरला? ४,२००. बँकेला जात होते तेवढेच. वीस महिन्यांत ८४,००० पुरे झाले. घरचा खर्चही तेव्हापासून एका वहीत लिहितो, दूध, रिक्षा, दवाखाना, खैरात, सगळे. ती वही दस्तरखानाशेजारच्या फडताळात असते, कुणीही उघडावी.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. त्या वीस महिन्यांत सोन्याचा भाव खूप चढला. फिटलेल्या रकमेत माझ्या दोन बांगड्या परत आल्या नाहीत, एकच आली. कर्ज ग्रॅममध्ये लिहायला हवे होते, असे भावजय म्हणाली. व्यवहार म्हणून तिचे बरोबर आहे. पण त्यातून मला कळले की बिनव्याजी कर्ज फुकट नसते. त्याची किंमत कुणीतरी आपल्या मनाने, जाणूनबुजून सोसते. तुकाराम महाराजांनी लोकांकडच्या येण्याचे कागद इंद्रायणीत सोडले, अशी आख्यायिका आहे. अडचणीतल्या कर्जदाराला मुहलत द्या आणि माफ केले तर अधिक चांगले, असे सूरह बकरहची २८० वी आयत सांगते. या दोन्ही ठिकाणी सोडणाऱ्याचे नुकसान झालेच असणार. ते त्याने ओळखून केले, म्हणून त्याला मोल आहे.

यंदा मुरक्कब सूदचा धडा पुन्हा आला. मी मुलांना ८४,००० चे उदाहरण दिले, साडेतीन टक्के महिना. मुलांनी भराभर आकडेमोड केली. एकाने विचारले, "टीचर, ये किसका हिसाब है?"

मी म्हटले, "माझ्या घरचा."

वर्ग एकदम शांत झाला. हे बोलताना माझे कान तापले होते, हे मी कबूल करते. पण मधल्या सुट्टीत एक मुलगा टेबलाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "टीचर, मेरे अब्बा के पास भी वो कार्ड है. मैं उनको पूछूं क्या?"

मी त्याला वहीतले ते पान फाडून दिले आणि म्हटले, "पूछ. लेकिन अदब से. और उनके पास बैठ के."