हरवले कोण?

नातवाबरोबर ‘अटलांटिस : द लॉस्ट एम्पायर’ (२००१) हा कार्टूनचा सिनेमा पाहिला. साहेबलोक पाणबुडीतून निघतात आणि बुडालेली नगरी ‘शोधून काढतात’. पाहतात तो तिथे माणसे नांदताहेत! आता मला सांगा, ज्याच्या घरी दिवा लागतो आहे तो हरवला कसा?

“असली नगरी आपल्या काटेवाडीपासून लांब नाही,” मी फुशारकीने म्हणालो. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि पळसदेवचे जुने गाव भीमेच्या पाण्यात गेले. पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते. गेलो. होडीतून उतरलेली मंडळी, आपणच देऊळ बांधल्याच्या ऐटीत, फोटो काढत होती. अलीकडे एक म्हातारबा वहाणा हातात घेऊन चिखलात काही हुडकत होते.

“बाबा, काय हरवलं?” नातवाने विचारले.

“न्हाय रं लेकरा. आमचा उंबरा हितंच कुटंतरी व्हता.”

सिनेमात तिथला स्फटिक पळवणाऱ्यांना मी घरात बसून यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. इथे माझ्याच खिशात, मघाशी ‘आठवण म्हणून’ उचललेला नक्षीचा दगड होता. कुणाची आठवण, हे मनाला विचारायचे राहूनच गेले होते. तो गुपचूप ठेवायला वाकलो, तर कार्टे ओरडले, “आजोबा, तुमचं पण काही हरवलं का?”