काटकसर कोणाच्या ताटांतून?

वाचावयाचे भाग : २ राजे ४:१–७, योहान ६:१–१३



प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों. परंतु प्रार्थना करून उठल्यावर किराणा दुकानाची वही डोळ्यांपुढें उभी राहते. पुष्कळांस असें वाटतें कीं, प्रार्थना ही देवाशीं बोलावयाची गोष्ट आहे, आणि वही ही दुकानदाराशीं. शास्त्र मात्र असा भेद करीत नाहीं. वर नेमिलेल्या दोन भागांत कर्ज आहे, तेल आहे, भाकरी आहेत, पैशांचा हिशेब आहे. आणि ह्या सर्वांमध्यें देव आहे. म्हणून घरखर्च कमी करावयाचा तो कोठून करावा, व कोठून कदापि करूं नये, ह्याचा विचार आज आपण देवासमोर करूं.

पहिली गोष्ट : घरांत काय आहे?

राजांच्या दुसऱ्या पुस्तकांतील ती विधवा एका संदेष्ट्याच्या शिष्याची बायको होती. नवरा मेला, कर्ज उरलें, आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला. ती रडत अलीशाकडे गेली. अलीशानें तिला सावकाराचें नांव विचारलें नाहीं, कीं कर्जाचा आंकडा विचारला नाहीं. घरांत काय आहे, हें विचारलें. घरांत थोडेंसें तेल होतें. देवाची कृपा त्या तेलांतूनच वाहूं लागली. तें विकून तिनें आधीं कर्ज फेडलें, आणि उरलेल्यावर तिचा व मुलांचा निर्वाह झाला.

कर्ज मुलांस घेऊन जातें, हें केवळ प्राचीन काळचें नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील अंबड, घनसावंगीकडील कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीस जातात. आईबापांबरोबर मुलेंही जातात, आणि शाळा मागें राहते. त्या उचलीचा एक भाग मागची उधारी भागविण्यांतच संपतो. म्हणून किराण्याची वही ही लहान गोष्ट समजूं नका.

आतां अलीशाचा प्रश्न आपण आपल्याच घरास विचारूं. एकोणिसाव्या शतकांत रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वस्ती वसविली, तेव्हां नुसतें मंदिर बांधून ते थांबले नाहींत. जमीन मिळवून विश्वासणाऱ्या कुटुंबांस तेथें स्थायिक केलें. उपासना व शेत हीं त्यांनीं वेगळीं केलीं नाहींत. आमची काळी जमीन ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, करडई असें सर्व देणारी आहे. आज मात्र शिवारांत कापूस व सोयाबीन उभें असतें. माल विकून पैसा येतो, तो देण्यांत जातो, आणि ज्वारीपासून डाळीपर्यंत सर्व कांहीं दुकानांतून उधार येतें. शेत आपलें आणि कोठी दुकानदाराची, अशी ही स्थिति आहे. कापूस लावूं नका, असें आम्ही सांगत नाहीं. परंतु कपाशींत तुरीच्या ओळी, सोयाबीनशेजारीं मुगाचा एक पट्टा, आणि रब्बींत वर्षाच्या भाकरीपुरती ज्वारी एवढें घरासाठीं राखणें बहुतेक जमीनवाल्यांस साधेल.

ज्यांस जमीन नाहीं, त्यांनींही आपल्याजवळ कांहींच नाहीं, असें म्हणूं नये. त्या विधवेनेंही प्रथम तसेंच म्हटलें होतें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील दर माणसास महिन्यास ५ किलो, व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. १ जानेवारी २०२४ पासून पांच वर्षें हें धान्य विनामूल्य द्यावयाचें ठरलें आहे. सून घरांत येऊन दोन वर्षें झालीं, मूल रांगूं लागलें, तरी कार्डावर त्यांचें नांव नाहीं, असें किती घरीं आहे? अर्ज करण्यांत एक दिवसाची मजुरी बुडेल हें खरें. पण नांव चढलें तर दरमहाचें धान्य येतें. अंगणवाडींत सहा वर्षांखालील मुलांस, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांस पूरक आहार मिळतो. तो घेण्यांत कसलाही कमीपणा नाहीं. ज्यांस अर्ज लिहितां येत नाहीं, त्यांचा अर्ज गांवच्या उपदेशकानें लिहून द्यावा. तीही सेवाच आहे.

दुसरी गोष्ट : फिलिप्पाचा हिशेब

योहानाच्या सहाव्या अध्यायांत लोकसमुदाय पाहतांच फिलिप्पानें हिशेब केला कीं, दोनशें दीनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकास थोडें थोडें मिळणार नाहीं. उपदेश करणारे बहुधा फिलिप्पास दोष देतात. आम्हांस वाटतें कीं, त्याचा विश्वास कमी असेल, पण हिशेब खोटा नव्हता. आपण फिलिप्पाइतका तरी हिशेब ठेवतों काय? दुकानदाराच्या वहींत आपलें नांव असतें. आपल्या घरीं मात्र वही नसते.

एक महिना सर्व खर्च लिहून पाहा. मुलाच्या हातांतील पुडा, हॉटेलांतील चहा, तंबाखूची पुडी ह्यांवर एका घरीं दिवसास २० रुपये जात असतील, तर वर्षाचे ७,३०० होतात. गुटख्यास २०१२ पासून आपल्या राज्यांत बंदी आहे. तरी तो ज्या घरीं येतो, त्या घरीं तो डाळीचेच पैसे खाऊन येतो. आतां बाजारांत जाऊन विचारा कीं, ७,३०० रुपयांत तूरडाळ किती येते. उत्तर ऐकल्यावर आम्हांस अधिक उपदेश करण्याची गरज राहणार नाहीं.

ह्यावरून काटकसरीचा क्रम ठरतो. ज्यानें पोट भरत नाहीं व अंगीं लागत नाहीं, तें प्रथम कमी करावें. नंतर लहान पुडीनें महाग पडणारा माल एकदम घ्यावा : सुगी होऊन भाव उतरला कीं, चार घरांनीं मिळून मोंढ्यावरून ज्वारी व तूर पोत्यानें आणावी, आणि आपसांत मापून वाटून घ्यावी. धान्य कडक उन्हांत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावें. तुरीस थोडें एरंडेल चोळावें. तिसरें तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत २,००० उष्मांकांच्या एका दिवसाच्या आहारास सुमारें २७ ग्रॅम तेल पुरेसें मानिलें आहे. म्हणजे पांच मोठ्या माणसांस महिन्यास चार किलोंच्या आसपास. ह्याहून अधिक जात असेल, तर तेथें हात आंखडल्यानें पैसाही वांचेल व प्रकृतीही सुधारेल.

परंतु डाळ, पालेभाजी आणि लेंकराचें दूध ह्यांस हात लावूं नये. त्याच मार्गदर्शनांत सुमारें २५० ग्रॅम धान्यास सुमारें ८५ ग्रॅम डाळ, म्हणजे वजनानें तीन भाग धान्यास एक भाग डाळ, असें प्रमाण आहे. आपल्या घरीं भाकरी चार आणि वरणाचें पाणी, असें पुष्कळदां असतें. त्यानें पोट भरतें, पण अंग भरत नाहीं. शंभर ग्रॅम तूरडाळींत सुमारें २२ ग्रॅम, व शेंगदाण्यांत सुमारें २५ ग्रॅम अंग बांधणारें सत्त्व आहे. दानीएल व त्याचे सोबती राजाचें पक्वान्न सोडून दहा दिवस साध्या शाकान्नावर राहिले, आणि सर्वांहून धष्टपुष्ट दिसले. पिठलें, मोडाची मटकी, येसराची आमटी, जवसाची किंवा तिळाची चटणी, थंडींत बाजरीची भाकरी व ताक, हीं गरिबांचीं अन्नें म्हणून पाहुण्यांपुढें वाढण्यास आपण लाजतों; तीं लाजण्यासारखीं नाहींत.

तिसरी गोष्ट : उरलेले तुकडे

पांच भाकरी व दोन मासे ह्यांवर पांच हजार पुरुष तृप्त झाले. ज्यानें एवढें विपुल अन्न दिलें, त्या प्रभूनेंच नंतर शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लाविलें, कांहीं फुकट जाऊं नये म्हणून. त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं भाकरी वाढविण्याचें सामर्थ्य आहे, त्यानें तुकड्यांची कदर करावी, आणि ज्यांच्या हातीं तें नाहीं त्या आपण करूं नये काय?

तुकडे म्हणजे केवळ शिळी भाकरी नव्हे, जरी ताकांत कुस्करलेली किंवा फोडणीस टाकलेली भाकरी हें चांगलें अन्न आहे. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळविला, तर उन्हाळ्यांत भाजी विकत आणावी लागत नाहीं. भांडीं घासल्याचें पाणी नालींत जातें. तें दारच्या शेवग्यास मिळालें तर शेंगाही येतील आणि पालाही. तांदुळजा, घोळ, पाथरी पावसाळ्यांत बांधावर फुकट उगवतात. भाजी आधीं धुवावी व मग चिरावी. डाळ, कडधान्य भिजत घालून झांकण ठेवून शिजवावें. जळण कमी लागतें. परंतु आंबलेलें वरण व बुरशी आलेले शेंगदाणे खाऊं नयेत, मुलांस तर मुळींच देऊं नयेत. दवाखान्याचें बिल वाढवून किराण्याचें बिल कमी करणें ही काटकसर नव्हे.

चौथी गोष्ट : ताट कोणाचें?

आतां आम्ही ज्या गोष्टीसाठीं हें सर्व लिहिलें, ती सांगतों. बहुतेक घरीं काटकसर होतेच. पण ती बाजारांत होत नाहीं, चुलीपाशीं होते. पुरुष जेवतात, मग मुलें जेवतात, आणि घरची बाई शेवटीं बसते. भाजी संपलेली असते, वरण तळाशीं लागलेलें असतें, ती भाकरीबरोबर मिरचीचा ठेंचा खाते आणि पोट भरलें म्हणते. महिन्याच्या शेवटीं घरधनी म्हणतो कीं, ह्या वेळीं भागलें. भागलें नाहीं, बंधूंनो. तें एका माणसाच्या अंगावर लिहिलें गेलें. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तिच्या पोटीं येणारें मूल त्याच उधारींत जन्मतें.

१९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यानें खडी फोडून, परदेशची लाल मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढिले. तेव्हां सर्वांचेंच ताट रिकामें होतें. आज वर्ष बरें असतां घरांतील एकच माणूस अर्धपोटीं राहत असेल, तर तें दुष्काळाचें काम नव्हे, चालीचें काम आहे. आणि चाल आपण बदलूं शकतों. वर सांगितलेल्या अन्न सुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवर घरांतील अठरा वर्षांवरील वडील स्त्रीस कुटुंबप्रमुख ठरविलें आहे. कायदा जिला प्रमुख म्हणतो, तिला आपण शेवटीं वाढतों!

त्या रानांत प्रभूनें सर्वांस गवतावर बसविलें, आणि ज्याला जितकें पाहिजे तितकें मिळालें. प्रथम पुरुष तृप्त होऊन मग स्त्रियांनीं तुकडे खावे, असा क्रम तेथें नाहीं. तुकडे सर्व तृप्त झाल्यावर गोळा केले गेले. आपल्या घरीं क्रम उलटा आहे : जें तुकड्यांतून वांचावयाचें, तें आपण आईच्या ताटांतून वांचवितों.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या घरीं मजुरीच पुरत नाहीं, त्यास काटकसरीचा उपदेश करणें म्हणजे भुकेल्यास उपासाचें महत्त्व सांगणें होय. अशा घरासाठीं बाकीच्या मंडळीनें रोज स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य, आणि त्याबरोबर मूठभर डाळ बाजूस काढावी; आणि तें गाजावाजा न करितां पोंचवावें.

तर ह्या आठवड्यांत तीन गोष्टी करा. एक वही आणून खर्च लिहावयास लागा. शिधापत्रिका काढून तिच्यावर कोणाचें नांव नाहीं तें पाहा. आणि आज संध्याकाळीं सर्वांचीं ताटें एकदम वाढा. वरण व भाजी आधीं सारखीं वांटा, गरोदर किंवा पाजणारी असेल तिला अधिक वाढा, लिंबाची फोड ठेवा, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करा, कारण लिंबानें अन्नांतील लोह अंगीं लागतें व चहानें अडतें. मग घरच्या कर्त्यानें उपकारस्तुति करावी. ज्या ताटांकडे पाहून उपकार मानावयाचे, त्यांत घरच्या बाईचेंही भरलेलें ताट असूं द्या.

जो पक्ष्यांस चारा देतो तो आकाशांतील बाप आपल्या प्रत्येक घरीं भाकर देवो, आणि ती सारखी वांटण्याची बुद्धि देवो. आमेन.