नाडीची साक्ष

मनुष्याला त्याच्या स्वतःच्या शरीराची वार्ता कोणी सांगावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. ज्याचे शरीर त्यानेच ती जाणावी, असे कोणीही म्हणेल. परंतु वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी फिरावयास जाणारी मंडळी पाहिली, तर निम्म्याअधिकांची दृष्टी मनगटाकडे लागलेली आढळते. आपण दमलो की नाही, हेही ती घड्याळाला विचारून घेतात. या मंडळींत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होतो, हे आरंभीच कबूल करणे बरे.

नाडी मोजण्याची हौस नवी नव्हे. आपल्याकडील वैद्य तीन बोटांखाली वात, पित्त व कफ यांची गती पारखीत आले. युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी सांक्टोरियस या इटालियन वैद्याने लंबकाच्या दोऱ्याची लांबी कमीजास्त करून नाडीशी ताल जुळविला, आणि 1707 साली जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले. फरक इतकाच की, पूर्वी नाडी पाहणारा दुसरा कोणी असे व तो रोग्याच्या मुखाकडेही पाही. आज पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच झाला आहे, व मध्ये यंत्र बसले आहे.

यंत्राचा गुणदोषविचार थोडक्यात करू. छातीला बांधावयाचा पट्टा हृदयाचा विद्युत्स्पंद टिपतो. मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या भरतीओहोटीवरून ठोके अजमावते. पहिल्याची साक्ष अधिक भरवशाची असते. दुसरे सोयीचे खरे. पण सैल बांधल्यास, थंडीने हात गारठल्यास किंवा हात जोराने हलत असल्यास ते चुकते. धावणाऱ्याने पट्टा घ्यावा, चालणाऱ्यास घड्याळ पुरे. मात्र ते मनगटाच्या हाडापासून थोडे वर व घट्ट बांधावे, आणि मधूनमधून बोटांनी नाडी मोजून ताडून पाहावे.

खरी अडचण पुढे आहे. आकडा मिळाला, तरी तो किती असावा हे ठरवावयाचे कसे? 220 मधून वय वजा करावे व उरलेल्याच्या निम्म्यापासून सात दशांशापर्यंत नाडी ठेवून चालावे, असा प्रघात आहे. माझे वय 56. म्हणजे कमाल 164, आणि मर्यादा 82 ते 115. 2001 सालच्या दुसऱ्या एका सूत्राप्रमाणे, 208 मधून वयाचे सात दशांश वजा केल्यास, माझी कमाल 169 ठरते. चाळिशीत ही दोन्ही सूत्रे 180 वर एकमत होतात आणि मग दूर जातात. दोन्ही सरासरीची अपत्ये आहेत. व्यक्तीव्यक्तींत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय वैशाखात आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा त्याच चालीला नाडी अधिक धावते. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्या तिला दाबून ठेवतात.

हे सर्व मी वाचले होते, तरीही जे व्हावयाचे ते झालेच. माझ्यासोबत एक निवृत्त गुरुजी फिरावयास येत. वय 68. एके सकाळी अर्ध्या वाटेवर ते थांबले व म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आज बरे वाटत नाही." मी आपले घड्याळ त्यांच्या मनगटास बांधले. आकडा आला 92. त्यांच्या वयास 76 ते 106 ही मर्यादा! मी हसून म्हणालो, "गुरुजी, नाडी उत्तम आहे. चला." ते माझ्या विद्वत्तेचा मान राखून आणखी अर्धा मैल चालले. त्याच दिवशी दुपारी त्यांना इस्पितळात न्यावे लागले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. ईश्वरकृपेने ते वाचले. नाडीला आवर घालणारी गोळी ते वर्षानुवर्षे घेत होते. मी विचारलेही नव्हते. आणि ती घेत नसते, तरी ठोक्यांच्या संख्येवरून रक्तवाहिनीची अवस्था कळत नाही. भेटावयास गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही माझ्या मनगटाकडे पाहिलेत, तोंडाकडे पाहिले नाहीत."

यावरून यंत्र फेकून द्यावे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो खरा नाही. घड्याळाने खोटे सांगितले नव्हते. विचारलेल्या प्रश्नाचे त्याने बरोबर उत्तर दिले होते. प्रश्नच चुकीचा होता. उलट मनाची साक्षही निर्मळ असतेच असे नाही. आळस थकव्याचे सोंग घेतो आणि अहंकार थकवा लपवितो. आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले, व कपाळावरचा घाम आणि कोरडे पडणारे तोंड ही त्याची लक्षणे दिली. बोलता येते पण गाता येत नाही, तेथे थांबावे, हा आजचा नियमही त्याच जातीचा. दोहोंत शक्ती मोजणारा मनुष्यच आहे. म्हणून त्याच्या प्रामाणिकपणावर सारी भिस्त.

सेवाग्रामच्या वाटेवर एका प्रसंगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. नेमाने फिरणारे व कमरेला घड्याळ लावणारे गांधीजी फेब्रुवारी 1943 मध्ये पुण्यास आगाखान पॅलेसात कैदेत असता 21 दिवस उपोषणास बसले. ते आमरण नव्हते; शक्तीच्या मर्यादेतले होते. डॉक्टर नाडी पाहत, पत्रके निघत. पाण्यात फळाचा रस मिसळण्याची मुभा त्यांनी आधीच ठेवली होती, व प्रकृती ढासळली तेव्हा मोसंबीचा रस घेतला. डॉक्टरांच्या मापनाचा त्यांनी अव्हेर केला नाही. पण उपोषण करावे की नाही, हा प्रश्न त्यांनी नाडीला विचारला नव्हता.

मला वाटते, मापनाची योग्य जागा हीच. आकडा ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. आणि दुसरा मनुष्य जेव्हा आपल्या वेदनेची साक्ष देतो, तेव्हा ती आधी ऐकावयाची असते. गुरुजी आता पुन्हा फिरावयास येतात, हळूहळू. घड्याळ मी अजून बांधतो. मात्र ते थांबले की मीही थांबतो, आणि कारण विचारण्यापूर्वी त्यांच्या तोंडाकडे पाहतो.